सापाचा उपास

एकतीस वर्षं मी एका कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये साप सांभाळले. ते सगळे काचेच्या बरण्यांत होते. वर्षातून दोनदा झाकण उघडायचं, फॉर्मॅलिन कमी झालं असेल तर भर घालायची, लेबल पुसट झालं असेल तर नवीन लिहून चिकटवायचं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, धामण. त्यांतल्या एकानंही मला कधी त्रास दिला नाही. विद्यार्थ्यांनी भरपूर दिला, पण तो विषय वेगळा.

त्यामुळे मी निवृत्त झाल्यावर आठ महिन्यांनी माझी मुलगी जिवंत साप घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा मला भीती अशी वाटली नाही. याचं झाकण कुठं आहे, एवढंच मनात आलं.

झाकण होतं. भाजीच्या क्रेटएवढा प्लास्टिकचा डबा, त्याला भोकं पाडलेली, आत उशीचा अभ्रा आणि अभ्र्यात साप. बॉल पायथन नावाचा आफ्रिकेतला लहान अजगर. मनगटाएवढा जाड, सव्वा मीटर लांब, तपकिरी अंगावर पिवळट डाग. मुलगी पुण्यात नोकरीला होती तेव्हा तिनं तो घेतला होता. आपल्याकडचे साप घरात ठेवणं गुन्हा आहे. हा परदेशी, म्हणून सरकारदरबारी रीतसर नोंद करून ठेवता येतो. त्याची कागदपत्रं निळ्या फोल्डरमध्ये क्रमानं लावलेली होती. माझ्या नवऱ्याच्या माघारी मला त्याच्या पेन्शनची कागदपत्रं शोधायला अख्खा उन्हाळा लागला होता. सापाची सगळी एका जागी.

मुलीला बेंगळुरूला नवी नोकरी लागली होती आणि तिथल्या घरमालकिणीनं सापाला नाही म्हटलं होतं. "दोन महिने, आई," ती म्हणाली. "दुसरी जागा बघते आणि घेऊन जाते. तुला सवय आहे सापांची."

मी हो म्हणाले. तिनं काहीही आणलं असतं तरी मी हो म्हणाले असते, कारण त्या काळात आमचं बोलणं फार थोडं उरलं होतं. दोन वर्षांपूर्वी मी तिला न विचारता तिचा बायोडाटा आणि फोटो गुलमंडीवरच्या एका वधू-वर मंडळात दिला होता. वाळूजच्या एका कारखान्यातला इंजिनिअर मुलगा, त्याची आई आणि मामा असे तिघं परस्पर पुण्याला तिच्या ऑफिसात गेले आणि पेढ्यांचा बॉक्स मांडीवर घेऊन रिसेप्शनवर तासभर बसले. सगळ्या ऑफिसनं ते पाहिलं. त्या संध्याकाळी तिचा फोन आला. "तू मला विचारायला हवं होतंस," एवढंच ती म्हणाली आणि फोन ठेवला. मी माफी मागितली नाही. मुलगा चांगला आहे असं माझं मत होतं. मुलाबद्दल ते अजूनही तसंच आहे.

तेव्हापासून तिचा फोन दर रविवारी अकराला यायचा. चार मिनिटं. बीपीची गोळी घेतलीस का, सिलिंडर आला का, ऊन किती आहे. पाणीपट्टी वेळेत भरली का हे विचारणारा माणूस जितक्या मायेनं बोलतो तितक्या मायेनं ती बोलायची.

साप ठेवायला मी नवऱ्याची खोली दिली. आमचं घर हर्सूलकडं, बैठं, खोली उत्तरेची आणि थंड. मुलीनं सोबत काचेच्या दाराचं लाकडी कपाट आणलं होतं. एक बाजू बत्तीस अंश गरम, दुसरी सव्वीस. मधे पाण्याचं जड भांडं. खाली नारळाच्या काथ्याचा भुसा. लपायला दोन जागा हव्यात, गरम बाजूला एक आणि थंड बाजूला एक, म्हणजे त्याला ऊब आणि सुरक्षितता यांतून एक निवडावं लागत नाही. एक जागा तिनं आणली होती, दुसरी मी फुटलेला माठ पालथा घालून केली. तिनं मला एकदा साप हातात धरायला लावलं. थंड, कोरडा आणि जड होता. तो माझ्या कोपराभोवती वळसा घालून थांबला. एकतीस वर्षांत मला कळलं नव्हतं की साप श्वास घेतो तेव्हा आपल्या हाताला समजतं. हे मी मुलीला बोलून दाखवलं नाही. मी म्हणाले, "बरा आहे."

तिनं त्याला नावही ठेवलं होतं. मी ते कधी वापरलं नाही. लॅबमध्ये नमुन्याला लेबल असतं, नाव नसतं.

बर्फाच्या पेटीतून तिनं बारा गोठवलेले उंदीर आणले होते. ते मी फ्रिजरमध्ये मटारच्या मागे ठेवले आणि सवयीनं पिशवीवर लेबल लावलं: 'उंदीर. खाण्याचे नाहीत.' मग लक्षात आलं की ते खाण्याचेच आहेत. खोडून लिहिलं: 'उंदीर. माणसांचे नाहीत.' संध्याकाळच्या बसनं मुलगी गेली.

तिसऱ्या दिवशी वीज गेली आणि आली, आणि येताना तापमान सांभाळणारं यंत्र घेऊन गेली. मी ते पिशवीत घालून जुन्या शहरात गेले. तिथं एक मिस्त्री आहेत, पूर्वी आमच्या लॅबची उपकरणं दुरुस्त करायचे, आता अंडी उबवायची मशीनं बनवतात. ते मला वीस वर्षं ताई म्हणतात.

"कितना टेम्परेचर होना, ताई?"

"बत्तीस."

"बत्तीस में तो मुर्गी का बच्चा नहीं निकलता. सदतीस लागते."

"बच्चा काढायचा नाहीये. साप आहे."

त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "जित्ता?"

"हो."

"घर में?"

"हो."

त्यांनी स्क्रू ड्रायव्हर परत उचलला. मग म्हणाले, "रिटायर के बाद लोगां हज को जाते, काशी को जाते," आणि यंत्र दुरुस्त करून दिलं. शिवाय वीज गेली तर काय करायचं तेही सांगितलं: गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवायची. ते बरोबर निघालं.

मी एक नोंदवही आखली. तारीख, वेळ, गरम बाजू, थंड बाजू, वजन, खाल्ले की नाही, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात निरीक्षणाच्या वेळी आजूबाजूला जे घडेल ते लिहायचं असतं. वीज गेली, खिडकी उघडी होती, शेजारी ड्रिल चालू होतं. पुढं एखादं निरीक्षण विचित्र निघालं तर कारण तिथं सापडतं. विद्यार्थी हा रकाना कोरा ठेवतात.

पहिला बुधवार उंदराचा. आदल्या दिवशी उंदीर फ्रिजरमधून खाली काढला, मग पिशवीतच कोमट पाण्यात ठेवून गरम केला, लांब चिमट्यात शेपटीनं धरला आणि मुलीनं दाखवलं होतं तसा सापासमोर जरा हलवला. सापानं मान वर केली, जीभ दोनदा बाहेर काढली आणि शांतपणे वळून माठाखाली निघून गेला. मी अर्धा तास उंदीर धरून उभी होते. लग्नात आग्रह करणाऱ्या बाईसारखी.

त्या संध्याकाळी सातला फोन वाजला. वार बुधवार होता, त्यामुळे मी घाबरले.

"खाल्लं का त्यानं?" मुलीनं विचारलं.

"नाही."

"अगं बाई. बरं, होतं असं. जागा बदलली की हे साप खात नाहीत. काळजी करू नकोस. वजन किती?"

सतरा मिनिटं बोलली. मी शेऱ्यात लिहिलं: फोन, १७ मिनिटे. निरीक्षणाच्या वेळी तेच घडलं होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सातला फोन. मग जवळजवळ रोज. ती व्हिडिओ लावायची आणि मी कपाटासमोर खुर्ची ओढून फोन काचेला धरायची. दोघी मिळून त्या माठाकडं बघायचो. बहुतेक वेळा त्यात बघण्यासारखं शेपटीचं टोक असायचं. बघता बघता ती इतरही काही बोलायला लागली. तिच्या वरिष्ठ बाई मीटिंगमध्ये तिचं बोलणं तोडतात. घरमालकीण फोडणीच्या वासाला नाक मुरडते, पण दुसरी जागा मिळत नाही. एकदा मुलीचा भात करपला तर ती स्वतःवरच एवढी हसली की मीही हसले. दोन वर्षांत आम्ही एका वेळी हसलो नव्हतो.

मला ते आवडायला लागलं, हे सरळच सांगते. सहा वाजल्यापासून माझं घड्याळाकडं लक्ष असायचं. पावणेसातला मी केस विंचरायची. साप बघायला जो फोन येतो त्यात आपला चेहरा दिसत नाही, हे मला माहीत होतं.

साप मात्र खात नव्हता. दुसरा बुधवार, तिसरा बुधवार, चौथा. नाकारलेला उंदीर पुन्हा गोठवता येत नाही, तो फेकावा लागतो. मी तो वर्तमानपत्रात गुंडाळून मागच्या आवारात पुरत होते. मी स्वतः सोमवार धरते, चतुर्थी धरते. उपास असलेल्या माणसाला कुणी 'थोडं तरी घ्या' म्हणत मागे लागलं की कसा संताप येतो हे मला माहीत आहे, म्हणून मी फार आग्रह केला नाही. पण पाचव्या आठवड्यात वजन बाराशे दहावरून अकराशे सत्तरवर आलं आणि माझा जीव टांगणीला लागला. तो माझ्या घरात मेला तर मुलगी पुन्हा रविवारी अकरालाही फोन करणार नाही, अशी माझी खात्री होती. बायोडाटा तिनं एक वेळ पोटात घातला असता.

तेवढ्यात नागपंचमी आली.

समोरच्या वहिनी कन्नड तालुक्यातल्या, माहेर-सासर दोन्ही शेतकरी. मुलगा वाळूजला कामाला म्हणून त्या इकडं आल्या. त्या साप हा शब्द उच्चारत नाहीत. 'लांबडं' म्हणतात किंवा 'जनावर'. मी त्यांना ताकास तूर लागू दिली नव्हती, पण मागच्या आवारात बाई दर आठवड्याला काय पुरते याची चौकशी त्यांनी एका दुपारी समोरासमोर केली आणि मला सांगावं लागलं. पंचमीला सकाळी नऊला त्या आणि आणखी पाच बायका ताटं घेऊन दारात. हळद, कुंकू, लाह्या, दूध.

"आवं ताई, जित्ता नागोबा घरात आन् तुमी गप बसल्या व्हय?"

"तो नाग नाही, वहिनी. अजगर आहे. आफ्रिकेतला."

"असू द्या की. पावना हाय."

मी दारातून बाजूला झाले. सगळ्या आत आल्या आणि काचेपासून दोन हातांवर थांबल्या. साप नेमका माठाबाहेर आला होता आणि पाण्याच्या भांड्याला वेटोळं घालून पडला होता. एक बाई हळूच 'अगं माय' म्हणाली. मग वहिनींनी दुधाची वाटी पुढं केली.

"दूध नाही द्यायचं," मी म्हणाले. "साप दूध पीत नाही."

"मंग गारुड्याच्या टोपलीतला कसा पितो?"

"त्याला कितीतरी दिवस पाणी देत नाहीत. तहानेनं पितो, आणि मग मरतो."

लॅबच्या आवाजात बोलले बहुतेक, कारण सगळ्या एक पाऊल मागं सरकल्या. वहिनींनी वाटी ताटात परत ठेवली. मग काचेवरच पूजा झाली. काचेला हळदकुंकू, खाली लाह्या, ओवाळणं बाहेरून. जाताना वहिनी म्हणाल्या, "आज त्येला उंदीर देऊ नका बरं का. आज चिरायचं नाय, कापायचं नाय."

"तो चिरत नाही. अख्खा गिळतो."

वहिनींनी यावर प्रामाणिकपणे विचार केला. "तरीबी नको," त्या म्हणाल्या. दुपारी त्यांनी पुरणाची दिंडं पाठवली, चार. त्यांतलं एक कुणासाठी होतं हे त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. चारही मीच खाल्ली.

हळदीचं बोट मी काचेवर तसंच ठेवलं होतं. मुलीला संध्याकाळी दाखवलं तर ती खुर्चीवरून पडेपर्यंत हसली आणि तासभर बोलत राहिली.

पुढच्या बुधवारी मी नेहमीसारखा उंदीर धरला. काही हलवलं नाही, काही अपेक्षाही नव्हती. साप माठाच्या तोंडाशी होता. पुढं काय झालं ते मला दिसलं नाही, इतकं ते झटकन झालं. चिमटा रिकामा होता आणि साप उंदराभोवती गुंडाळलेला होता. मग वीसेक मिनिटं त्यानं तो सावकाश, डोक्याकडून, गिळला. जबडा एकदा इकडून, एकदा तिकडून. शेपटी शेवटी बारीक दोऱ्यासारखी तोंडात गेली. मी खाली जमिनीवर बसले आणि रडले. लॅबमध्ये मी कधी रडले नव्हते. नोंदवहीत लाल शाईनं लिहिलं: खाल्ले.

सातला फोन वाजला.

"खाल्लं का?"

"नाही," मी म्हणाले.

का म्हणाले ते त्या क्षणी मला कळलं नाही असं इथं लिहिलं तर ते दुसरं खोटं होईल. मला स्वच्छ कळत होतं. खाल्लं म्हटलं असतं तर ती 'वा!' म्हणाली असती, आनंदानं दहा मिनिटं बोलली असती, आणि मग आमचे रविवार सुरू झाले असते.

हे कोण करत होतं ते पाहा. प्रयोग न करता शेजाऱ्याच्या वहीतून निरीक्षणं उतरवणारी मुलं मी एकतीस वर्षं पकडली. बेडकाच्या हृदयाचे ठोके मोजायच्या तासाला एका मुलीनं बेडूक ट्रेमध्ये यायच्या आधीच ठोके लिहून ठेवले होते. मी सरांना सांगितलं, तिचं प्रॅक्टिकल रद्द झालं, ती माझ्यासमोर रडली आणि मला काडीचं वाईट वाटलं नाही.

खोटं बोलायला एक दिवस पुरतो, ते टिकवायला रोज काम करावं लागतं. उंदीर खाल्ला की सापाच्या पोटाशी दोन दिवस फुगवटा दिसतो. त्या दोन दिवसांत मी फोन माठाच्या मागच्या बाजूनं धरायची. त्यानं घाण केली की सहाच्या आत कपाट साफ. तिसऱ्या आठवड्यात त्यानं कात टाकली, अखंड, डोळ्यांवरच्या पारदर्शक टोप्यांसकट. एरवी ती मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून दाखवली असती. ती गुंडाळून डब्यात घालून साड्यांखाली ठेवली. वजन मी जुनंच सांगायची. उंदीर नाकारला तरी संपतो आणि खाल्ला तरी संपतो, त्यामुळे तो हिशेब आपोआप जमत होता.

नोंदवहीत मात्र खरंच लिहीत होते. फोनवर खोटं बोलायला मला जमलं, पण वजनाच्या रकान्यात चुकीचा आकडा लिहायला हात गेला नाही. अकराशे नव्वद. बाराशे चाळीस. बाराशे सत्तर. बारावा उंदीर गेला त्या आठवड्यात तेराशे.

मुलीचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत गेला. ती डॉक्टरांना विचारत होती, वाचत होती, मला उपाय सांगत होती. काचेवर काळं कापड टाक. खोलीत जाऊ नकोस. दुसरा माठ ठेव. मी सगळं इमानदारीनं केलं आणि साप आणखी छान खायला लागला. "आई, बारा आठवडे झाले," ती एकदा म्हणाली. मी म्हणाले, होईल सगळं नीट. त्या दिवशी मला स्वतःची मनापासून घृणा वाटली आणि दुसऱ्या दिवशी पावणेसातला मी केस विंचरले.

मग एका शुक्रवारी दुपारीच फोन. मागे बसचा आवाज. "मी निघालेय. उद्या सकाळी पोचते. सोमवारी पुण्यात डॉक्टरांची वेळ घेतलीय, ते नळीनं भरवतील. रजा देत नव्हते, तरी निघाले."

"ये," मी म्हणाले.

माझ्याकडं पुढचे अठरा तास होते. त्या वेळात मी एक फोन करू शकले असते, आणि ती सोलापूरला उतरून परत जाऊ शकली असती. मी शेंगदाण्याची चटणी कुटली. तिला आवडतं तसं वांग्याचं भरीत केलं. तिच्या अंथरुणाला नवी चादर घातली. ती येणार याचा आनंद इतका झाला होता की लाज वाटायला पहाट उजाडली.

सातच्या सुमारास ती रिक्षातून उतरली. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले. ती चप्पल काढत होती तेवढ्यातच मी सांगितलं. "तो खातोय. नागपंचमीनंतरच्या बुधवारपासून. पाच वेळा खाल्लं त्यानं. मी तुझ्याशी खोटं बोलले."

ती एक चप्पल पायात घेऊन उभी राहिली. मग तशीच आत गेली, काळं कापड ओढलं, दार सरकवलं, माठ उचलला आणि सापाला दोन्ही हातांनी वर घेतलं. तिच्या हाताला कळलं. तरी तिनं त्याला काट्यावर ठेवून वजन केलं. ती माझीच मुलगी आहे.

"तेराशे दहा," ती म्हणाली.

"हो."

"मी तिथं सगळ्यांसमोर रजा मागताना भांडले, आई. लोक म्हणाले, सापासाठी? मी म्हटलं, हो, तो मरतोय." तिचा आवाज चढला. "का केलंस तू हे?"

मला सांगता येत नव्हतं. शब्द होते, पण ते तोंडातून बाहेर काढायला जी सवय लागते ती आम्हा दोघींत नव्हती. मी म्हणाले, "चहा टाकू?"

"नको. आज रात्रीच्या बसनं मी त्याला घेऊन जाते. कुठंही ठेवीन. कधी खाल्लं, किती खाल्लं, काही लिहिलंयस की तेही खोटंच?"

मी नोंदवही तिच्यासमोर ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. पानं उलटल्याचा आवाज येत होता. आधी भराभर. ती तारखा बघत असणार, वजनं बघत असणार. मग आवाज सावकाश झाला आणि मग बराच वेळ आलाच नाही. मी दारातून डोकावले. साप तिच्या खांद्यावर होता, डोकं तिच्या कानामागे. ती भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती आणि तिचं बोट शेवटच्या रकान्यावरून खाली सरकत होतं.

ती मोठ्यानं वाचायला लागली, माझ्याकडं न बघता.

"'खाल्ले नाही. फोन, ३१ मिनिटे. भात करपला. हसली.'" पान उलटलं. "'खाल्ले नाही. फोन नाही.'" पुन्हा पान. "'खाल्ले. सांगितले नाही. फोन, ४० मिनिटे.'" मग ती थांबली. पुढची ओळ तिनं आधी मनात वाचली, मग हळू आवाजात. "'फोन, ५२ मिनिटे. हिला सर्दी झाली आहे. नाक सारखे ओढत होती. आल्याचा काढा सांगितला.'"

तिनं वही मांडीवर ठेवली.

"आई, ती सर्दी नव्हती."

मी ते वाक्य नीट ऐकलं. बावन्न मिनिटं मी त्या फोनवर होते आणि फोन काचेला धरला होता. तिचा चेहरा मी पाहिलाच नव्हता.

मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले. गुडघे दुखतात, खाली बसले की उठवत नाही, तरी बसले. "काय झालं होतं?" मी विचारलं. बारा आठवड्यांत हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारत होते. त्याआधीच्या दोन वर्षांतही विचारला नव्हता.

तिनं वही मिटून बाजूला ठेवली. मग सांगायला लागली, आणि दहा वाजेपर्यंत सांगत होती. त्यात साप कुठंच नव्हता.